कर्बवायूपासून इंधन : उत्प्रेरकाचे कार्य व मर्यादा

गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तो मुख्यत्वे मिथेन. संयंत्रातून येणाऱ्या वायूत त्याचे प्रमाण साधारणतः ५५ ते ६५ टक्के असते. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे कर्बवायूचा असून तो जळत नाही. या निरुपयोगी भागाचेही मिथेनमध्ये रूपांतर करता येते. फ्रान्समधील तुलूझ येथील रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए व त्यांचे सहकारी सांदरां यांनी १९०२ मध्ये ही क्रिया घडवून दाखविली. उत्प्रेरकांवरील संशोधनाबद्दल साबातिए यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्बवायू व हायड्रोजन यांचे मिश्रण सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानास बारीक विभागलेल्या निकेलवरून नेले असता मिथेन व पाण्याची वाफ तयार होते. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूंतील अणू सुटे होतात व कर्बवायूशी त्यांचा संयोग सुलभ होतो. निकेल स्वतः खर्ची पडत नाही. मात्र गंधकाचे त्यास वावडे आहे. गोबर गॅसला सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड अगोदर काढून टाकला नाही, तर निकेल लवकरच निष्क्रिय होते. क्रियेत उष्णताही पुष्कळ निर्माण होते. ती वेळीच काढून न घेतल्यास तापमान वाढून मिथेनचे उत्पादन घटते. लोहयुक्त उत्प्रेरक वापरून पेट्रोलसारखी अधिक लांब साखळीची हायड्रोकार्बने मिळविता येतात, परंतु त्यांत अनेक पदार्थांचे मिश्रण हाती येते.

येथवर सारे सुकर वाटते. खरी अडचण हायड्रोजनची आहे. उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवितो, ऊर्जा पुरवीत नाही. ती हायड्रोजनमधूनच यावी लागते. ११ किलो कर्बवायूस २ किलो हायड्रोजन लागतो व त्यापासून ४ किलो मिथेन आणि ९ किलो पाणी मिळते. पाण्याचे विद्युत् विघटन करून २ किलो हायड्रोजन काढण्यास सुमारे १०० युनिट वीज लागते, तर ४ किलो मिथेन जाळून मिळणारी उष्णता सुमारे ५५ युनिटांइतकीच भरते. शिवाय ही वीज कोळशाची असेल, तर दर युनिटमागे सुमारे एक किलो कर्बवायू वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडतो. म्हणजे ११ किलो वायू उपयोगात आणण्यासाठी सुमारे १०० किलो नव्याने हवेत सोडावयाचा! अशा योजनेची जाहिरात कितीही आकर्षक असली, तरी वीज कोठून येणार हा प्रश्न ग्रामपंचायतीने प्रथम विचारावा.

पवन व सौर विजेच्या बाबतीत हिशेब निराळा होतो. वारा मागणी पाहून वाहत नाही. नको असलेल्या वेळची वीज वायूच्या रूपाने साठविता येते. जर्मनीतील वेर्ल्टे येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याची रचना याच तत्त्वावर करण्यात आली. पाण्यापासून हायड्रोजन काढण्यास नवीकरणीय वीज योजिली, कर्बवायू शेजारच्या बायोगॅस संयंत्रातून घेतला आणि तयार झालेला मिथेन नैसर्गिक वायूच्या नळजाळ्यात सोडण्यात आला.