दावं सोडण्याआधी भाव बोला

शेजाऱ्याकडून गाय घ्यायची म्हटलं की घरात पहिलं वाक्य येतं, “आपल्याच माणसाकडनं घेतोय, फसवणार थोडीच.” दुसरं वाक्य मनातच राहतं, की थोडी कमीत मिळेल. विकणाऱ्याच्या घरात त्याच वेळी उलट चाललेलं असतं. आपलीच माणसं आहेत, पाडून मागणार नाहीत, चार पैसे जास्तच देतील. दोन्हीकडच्या या न बोललेल्या अपेक्षांवर व्यवहार झाला की पुढं काय होतं, ते आमच्या घरानं भोगलं आहे.

आमचं गाव माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या भिजाखाली. ऊस आणि दूध यांवर घर चालतं. विहिरीपलीकडे तात्यांचा गोठा. त्यांच्याकडे दुसऱ्या वेताची संकरित एचएफ गाय होती, अंगानं भरलेली, स्वभावानं गरीब. मुलीचं लग्न निघालं तसे तात्या एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, “अण्णा, गाय बाहेर द्यायची नाही. तुमच्या दावणीला राहिली तर डोळ्यापुढं राहील.”

अण्णांनी विचारलं, “किती द्यायचं, बोला.”

“तुम्हाला काय सांगायचं? मनाला येईल ते द्या.”

अण्णांनी साठ हजार दिले. तात्यांनी नोटा मोजल्याही नाहीत. काकूंनी गाईला हळदकुंकू लावलं, रीतीप्रमाणे जुनं दावं ठेवून घेतलं, आणि आमच्या नव्या दाव्यानं गाय आमच्या गोठ्यात आली.

लग्न पार पडलं आणि मग एका हेड्यानं तात्यांना सांगितलं, “अकलूजला उभी केली असती तर ऐंशीला हसत गेली असती.” हेड्याच्या बोलण्यात किती खरं हा भाग वेगळा, पण ते वाक्य त्या घरात मुक्कामाला राहिलं. इकडे आमच्याकडे गाईचा मागचा डावा सड बिघडला. धारेत गाठी यायला लागल्या. डॉक्टरांनी कास दाबून पाहिली आणि म्हणाले, काससुजी जुनी आहे, या सडाचं दूध आता पूर्वीसारखं येणार नाही. अण्णांना वाटलं, तात्यांना हे ठाऊक होतं. मला आज वाटतं, त्यांनाही ठाऊक नसावं. पहिल्या दोन धारा जमिनीवर सोडायच्या आणि मग बादली धरायची, ही आपल्याकडची सवय. त्या धारांत गाठी आहेत का, हे कोण बघतं?

भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर कोणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. तात्यांनी आमच्या पाइपलाइनीतून पाणी घेणं बंद केलं, संक्रांतीला काकू आल्या नाहीत. दोन प्रामाणिक घरं एकमेकांना लबाड समजू लागली. का, तर भाव कोणी उच्चारला नव्हता आणि कास कोणी तपासली नव्हती.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की शेजाऱ्याची गाय स्वस्त मिळायला हवी ही अपेक्षाच सोडा. उलट ती बाजारातल्या गाईपेक्षा थोडी महाग पडली तरी चालते. सांगोल्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात उभी असलेली गाय कुठून आली, किती वेळा उलटली, मागच्या वेताला वार पडली की काढावी लागली, हे कळायला मार्ग नसतो. शेजारची गाय कालवड असल्यापासून आपण पाहिलेली असते. या माहितीला मोल आहे.

भाव काढायची रीत अशी. त्याच ताकदीची गाय जवळच्या बाजारात काय भावानं जाते ते दोन वेगवेगळ्या माणसांकडून काढा, आणि ही चौकशी दोन्ही घरांनी करावी. समजा ऐंशी हजार निघाले. तिथं विकायला शेजाऱ्याला टेम्पोचं भाडं, बाजाराची पावती, दलाली लागली असती. त्याच्या हातात सत्त्याहत्तर पडले असते. तुम्हाला तिथून आणायला भाडं आणि दलाली धरून त्र्याऐंशी लागले असते. सत्त्याहत्तर ते त्र्याऐंशी या पट्ट्यात कुठंही सौदा झाला तरी दोघांचाही फायदाच आहे. सत्त्याहत्तरच्या खाली मागणं म्हणजे शेजाऱ्याच्या खिशात हात घालणं. बाजारात हेडी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारात असलं काही नको. आकडा चारचौघांत, मोठ्यानं बोलावा.

आता तो ऐंशीचा आकडा कशावर उभा असतो, ते पाहू. संकरित गाईचा भाव लिटरवर बोलतात. पण लिटर कुठल्या महिन्यातलं, हे विचारल्याशिवाय त्या लिटरला अर्थ नाही. गाय व्यायल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दुधाचा कळस गाठते आणि मग हळूहळू उतरते. तिसऱ्या-चौथ्या वेताला ती सगळ्यात भरात असते. दुसऱ्या महिन्यात चौदा लिटर देणाऱ्या गाईपेक्षा सातव्या महिन्यात दहा लिटर देणारी आणि पोटात चार महिन्यांचं असलेली गाय बहुतेक वेळा जास्त मोलाची असते. पण दारात उभं राहून पाहणाऱ्याला चौदाची बादली मोठी दिसते.

ढोबळ हिशेब हवा असेल तर कळसाच्या दुधाला दोनशेनं गुणा. सोळा लिटरच्या गाईचं वेताचं दूध बत्तीसशे लिटरच्या आसपास जातं. तीस रुपये दर धरला तर ९६ हजार. माझ्या वहीत पेंड, मुरघास, हिरवा चारा आणि औषधपाणी वजा जाता दूधबिलाचा तिसरा हिस्सा उरतो. म्हणजे वेताला बत्तीस हजार. गाईची तीन चांगली वेतं शिल्लक असतील तर ऐंशी हजार तिसऱ्या वेतात फिटतात, आणि कालवडी झाल्या तर तो नफा. दोनच वेतं उरली असतील तर तीच गाय ऐंशीला घेणं परवडत नाही, मग शेजारी कितीही जिवाभावाचा असो.

आणि हा तीस रुपये दरही कायमचा नसतो. २०२३च्या जुलैत सरकारनं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये दर ठरवून दिला. वर्ष संपता संपता दर इतका घसरला की २०२४च्या सुरुवातीला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. दूध चढलं की गाई चढतात, दूध पडलं की गाई पडतात. दर चढा असताना घेतलेल्या गाईचं देणं पडत्या दरात फेडावं लागतं, तेव्हा हिशेब खालच्या दरानं करावा.

वेतं किती उरली हे दातांवरून कळतं. दोन दाती म्हणजे दोन-अडीच वर्षांची, चौसा तीनच्या पुढं, आठही दात आले की गाय साडेचार-पाच वर्षांची, म्हणजे जुळलेली. त्यापुढं दातांची झीज बघावी लागते. शिंगांवरची वळी मोजणारेही आहेत, पण शिंगं साळलेली असली की तो पुरावा गेला. वयाला आपल्या राज्यात आणखी एका कारणानं महत्त्व आहे. १९७६च्या कायद्यानं गाईची आणि २०१५पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे, म्हैस या बंदीत येत नाही. भाकड म्हशीला काही ना काही मोल येतं, भाकड गाईला येत नाही. म्हाताऱ्या गाईवर दिलेले जादा पैसे परत मिळत नाहीत, वर तिला सांभाळायचा खर्च असतो तो वेगळाच.

दुधाची पारख कशी करावी, हे मला दुसऱ्या एका खरेदीत नीट कळलं. वस्तीवरच्या एका वहिनींची गाय घ्यायची होती. त्या स्वतःच म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही दोन दिवस धारेला या. मग भावाचं बोलू.” पहिल्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर कास पूर्ण मोकळी केली. ते दूध मोजलं नाही, कारण एक वेळ दूध तुंबवून ठेवलं असेल तर ते त्यातच निघून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि बरोबर बारा तासांनी संध्याकाळी, अशा दोन धारा मोजल्या. बादली थेट संकलन केंद्रावर नेली. फॅट ३.८ लागली, एसएनएफ ८.४. मग वहिनींनी डेअरीच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांचा गठ्ठा समोर ठेवला. त्यांच्याकडे दुभती ती एकच गाय, त्यामुळं बिलावरचं दूध तिचंच. व्यायल्यापासूनचा तिचा चढउतार त्यात आरशासारखा दिसत होता. दोन-तीन गाई असतील तर बिलावरून एकीचं दूध कळत नाही, तिथं मोजूनच घ्यावं लागतं.

नंतर डॉक्टर आले. त्यांनी चार वाट्यांचं पसरट पॅडल काढलं, चार सडांच्या धारा चार वाट्यांत घेतल्या, तेवढंच औषध घातलं आणि पॅडल गोल फिरवलं. तीन वाट्यांत दूध पातळच राहिलं. चौथ्या वाटीत ते घट्ट होऊन जेलीसारखं तळाला धरायला लागलं. वरून सडाला सूज नव्हती, धारेत गाठी नव्हत्या, वहिनींना कल्पनाही नव्हती. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “उपचाराचे पैसे भावातनं वजा करा.” डॉक्टरांनी उपचाराचा अंदाज सांगितला, तेवढे वजा झाले, सौदा तिथंच मिटला. तात्यांच्या गाईच्या वेळी ही पाच मिनिटांची तपासणी झाली असती तर आमचा शेजार टिकला असता.

त्याच वेळी गाभण तपासणीही करून घ्यावी. “तीन महिन्यांची आहे” हे मालकाचं बोलणं खोटंच असतं असं नाही. रेतन झालं आणि गाय पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे गाभण, असं तो धरून चालतो. हात घालून तपासल्याशिवाय ते धरू नये. ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासायला द्यावं, गोठ्यात गाभ टाकलेली गाय असेल तर नक्कीच. हा आजार माणसालाही होतो. मायांग बाहेर येतं का, लाथ मारते का, स्वतःचं दूध पिते का, हे सरळ विचारावं. शेजाऱ्याला तोंडावर विचारलं की तो बहुधा खरं सांगतो. न विचारता मात्र कोणी सांगत नाही.

आता नडीबद्दल. शेजारची गाय विकायला निघते ती बहुतेक वेळा लग्नाला, दवाखान्याला नाहीतर शाळेच्या फीला. नडलेला माणूस पडेल तो भाव घेतो आणि नड सरली की त्याला तो भाव टोचायला लागतो. २०२२च्या सप्टेंबरात लम्पीमुळं राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले. भाव कळायला जागाच उरली नव्हती. लम्पीनं दगावलेल्या दुभत्या जनावराला सरकार तीस हजार भरपाई देत होतं, तर त्या आकड्याचा दाखला देऊन निरोगी गाई मागणारी माणसं मी पाहिली. त्यांनी घेतलेल्या गाईंचं दूध आटलं असेल, पण तो आकडा गाव विसरलेलं नाही. शेजाऱ्याला पैशाची घाई असेल तर निम्मी रक्कम इसार म्हणून लगेच द्या, आणि भाव मात्र तपासणी झाल्यावर निवांत ठरवा. दोघंही राजी असतील तर बाकी रक्कम दूधबिलातून हप्त्यांनीही देता येते. गाईखाली कालवड असेल तर तिचा भाव वेगळा बोला. “वासरू तर असंच आलं” म्हणून ते पदरात पाडून घेऊ नका. आणि तुम्हाला माणुसकीनं चार पैसे जास्त द्यायचे असतील तर ते भावात मिसळू नका. भाव भावाच्या जागी पुरा द्या आणि लग्नाला आहेर वेगळा करा.

सौदा झाला की साध्या कागदावर लिहून घ्यावं. भाव, दिलेली रक्कम, राहिलेली रक्कम, गाय किती महिन्यांची गाभण, कुठल्या सडाला काय आहे, आणि गाभण नाही निघाली तर किती परत, एवढं पुरे. खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. आपल्या माणसाकडून लिहून काय घ्यायचं, असं वाटेल. आपलं माणूस टिकावं म्हणूनच लिहायचं. गाईच्या कानातल्या टॅगचा बारा अंकी क्रमांक त्या कागदावर आलाच पाहिजे. १ जून २०२४पासून टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री राज्यात करता येत नाही. तेव्हा दोघांनी मिळून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि भारत पशुधन प्रणालीत त्या क्रमांकापुढं मालकाचं नाव बदलून घ्या. ते झाल्यावरच गाय आपल्या दावणीला बांधा.