चोरून ऐकलेलं बोलणं आणि कलम 21

प्रश्न : मी छोटा कंत्राटदार आहे. लाचेच्या एका प्रकरणात चौकशीला बोलावलं, तेव्हा माझेच फोनवरचे संवाद मला ऐकवले. त्यात बायकोशी झालेलं बोलणंही होतं. ओळखीचे लोक सांगतात, राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क लिहिलेलाच नाही, तक्रार करून काही होणार नाही. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लिहिलेला नाही हे खरं, पण काही होणार नाही हे चूक. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा कलम 21 मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. 1954 आणि 1962 चे विरुद्ध जाणारे निकाल तेवढ्यापुरते रद्द झाले. फोनवरच्या बोलण्याला तर 1996 मध्येच हे संरक्षण मिळालं होतं.

सरकारला फोन ऐकताच येत नाही, असं मात्र नाही. 1885 चा तार कायदा आणि 2023 चा दूरसंचार कायदा, दोन्हींत अट एकच : सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. आदेश साधारणपणे गृहसचिवांचा लागतो. तो एका वेळी 60 दिवस आणि मुदतवाढ धरून जास्तीत जास्त 180 दिवस चालतो.

तुमच्या कामाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, ऑक्टोबर 2019 चा. तेही लाचेचंच प्रकरण होतं. त्यात सुरक्षिततेचा प्रश्न दिसत नाही म्हणून न्यायालयानं फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रण नष्ट करायला लावलं. सगळ्याच उच्च न्यायालयांचं मत असं नाही, हेही ध्यानात ठेवा.

मला खटकतं ते वेगळंच. या आदेशांची तपासणी करणाऱ्या समितीत सगळे सरकारी सचिव. न्यायाधीश एकही नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला कुणी कळवतही नाही. परवानगी न्यायाधीशानंच द्यावी, अशी सुधारणा व्हायलाच हवी.

आरोपपत्र दाखल झालं, तर त्याच्या प्रतींत गृहसचिवांचा आदेश आणि समितीचा निर्णय आहे का, ते वकिलाकडून आधी पाहून घ्या. नसेल, किंवा आदेशात सुरक्षिततेचं कारण नुसतं छापील असेल, तर कलम 226 खाली उच्च न्यायालयात याचिका करा. खटला उभा राहीपर्यंत थांबू नका.