चित्र ताणू नका, चौकट ओळखा



सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. शाळेत मोठ्या टीव्हीवर ‘श्यामची आई’ दाखवायचे ठरले. चित्रपट सुरू झाला आणि पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन काळ्या पट्ट्या दिसू लागल्या. देणगीतून एवढा मोठा संच आला आणि त्याचा पाव भाग काळाच राहणार, हे आम्हाला पटेना. आम्ही रिमोट मागवून घेतला व चित्र पडदाभर पसरवले. थोड्या वेळाने मागच्या रांगेतून हसू ऐकू आले. एका मुलीने विचारले, “सर, श्यामची आई आजारी हाय न्हवं, मग एवढी जाड का दिसते?” जेथे डोळे भरून यावेत तेथे मुले हसली. दोष मुलांचा नव्हता. आईचा चेहरा आम्हीच रुंद केला होता.

असे का झाले, हे समजून घेणे हाच आजचा पाठ.

चौकट आली कोठून?

पडद्याची रुंदी आणि उंची यांची तुलना म्हणजे गुणोत्तर. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेथे यालाच ‘अनुपात’ म्हणत. शब्द कोणताही घ्या, हिशेब एकच.

१८९० च्या दशकात अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर साधारण एक इंच रुंद व पाऊण इंच उंच अशी चौकट ठरवली. म्हणजे गुणोत्तर ४:३. पुढे बोलपट आल्यावर फिल्मच्या कडेला ध्वनीसाठी जागा द्यावी लागली आणि १९३२ मध्ये १.३७:१ हे जवळपास तेच माप रूढ झाले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) व आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) हे अशाच चौकटीतले चित्रपट. टीव्हीनेही ४:३ हीच चौकट घेतली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा घरातील पेटीचा आकार हाच होता. त्यामुळे जुने चित्रपट तिच्यात नीट बसत.

परदेशात मात्र टीव्हीमुळे प्रेक्षक घरी बसू लागला. त्याला परत आणण्यासाठी सिनेमाचा पडदा रुंद झाला. १९५३ मध्ये ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ सिनेमास्कोपमध्ये काढला. पुढे २.३५:१ हे रुंद माप स्थिरावले. असे चित्र जुन्या टीव्हीवर उंचीला पूर्ण भरायचे, तर बाजूंचा सुमारे ४३ टक्के भाग कापावा लागे. दोघे बोलत असतील तर एकच दिसे, दुसऱ्याचा नुसता आवाज येई!

१६:९ चे गणित

१९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने वेगवेगळ्या गुणोत्तरांचे, पण सारख्या क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदू जुळवून ते एकमेकांवर ठेवले. सर्वांना सामावणारा आकार सुमारे १.७७ निघाला. दहावीच्या मुलांनी ताळा करावा : १.३३ आणि २.३५ यांचा भूमितीमध्य काढा, तो १.७७ च्या आसपास येतो. १६ ला ९ ने भागा, १.७८ येतात. आजच्या टीव्हीचा आकार हा असा सर्वांशी केलेला समझोता आहे. तो कोणालाच तंतोतंत बसत नाही, पण कोणालाच फारसे दुखवत नाही.

तीन उपाय

४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर तीन प्रकारे दाखवता येते.

१) मूळ आकार : दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, चित्र पूर्ण व खरे राहते.

२) ताणणे : रुंदी एक तृतीयांशाने वाढते. ३० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ ४० रुंद व ३० उंच होते, म्हणजे ते वर्तुळच राहत नाही. भूमितीची आकृती, नकाशा, माणसाचा चेहरा, सर्वांची हीच गत.

३) मोठे करून कापणे : आकार खरा राहतो, पण वरचा व खालचा मिळून पाव भाग जातो. डोकी कापली जातात, खालची अक्षरे नाहीशी होतात.

काळ्या पट्टीत तोटा आहे का? विश्वस्तांसाठी हिशेब मांडतो. पडद्याचे माप कर्णावर घेतात. जुन्या २१ इंची संचात ३-४-५ चा त्रिकोण लावा : रुंदी १६.८ इंच, उंची १२.६ इंच. ३२ इंची नव्या संचाची उंची सुमारे १५.७ इंच, त्यावर ४:३ चे चित्र २०.९ इंच रुंद येते. म्हणजे पट्ट्या सोडूनही चित्र जुन्याच्या दीडपट! देणगी वाया गेली नाही, आमचीच समजूत अपुरी होती.

पालकांना एक विनंती. स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण करताना मोबाईल आडवा धरावा. उभ्या मोबाईलचे चित्र टीव्हीवर पडद्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी जागेत मावते आणि कडेला उभा राहून नाचणारा आपला मुलगा चौकटीबाहेर राहतो.

गृहपाठ : वाटी ठेवून कागदावर वर्तुळ काढा, मोबाईलवर फोटो घेऊन तो टीव्हीवर दाखवा आणि पट्टीने रुंदी व उंची मोजा. दोन्ही सारखी आली नाहीत, तर रिमोट घेऊन चित्राची चौकट बदला.

‘श्यामची आई’ आम्ही पुन्हा दाखवला, या वेळी काळ्या पट्ट्यांसह. कोणी हसले नाही. शेवटी दिवे लावायला उठलो, तर तीच मुलगी म्हणाली, “सर, जरा थांबा.” ती ओढणीने डोळे पुसत होती. आम्हीही दिवे थोडे उशिराच लावले.