एका जपानी चलच्चित्रमालेची गोडी

गेल्या पावसाळ्यांत एका पालकांनीं मजकडे तक्रार आणिली कीं, "आमचा मुलगा रात्रीं अकरा वाजेपर्यंत जपानी चित्रें पाहात बसतो. अभ्यास बुडतो तो बुडतोच, वर डोळे पुशीत उठतो. चेंडूच्या खेळांत रडण्यासारखें काय आहे?" प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ती मालिका आपण स्वतः पाहिली पाहिजे असें वाटून मीं तीस प्रारंभ केला; आणि प्रांजळपणें सांगावयाचें तर पुढील कांहीं आठवडे माझ्याही खोलींतला दिवा अकरा वाजेपर्यंत जळत राहिला. त्या पालकांस द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर येथें देण्याचा यत्न करितों.

मालिकेचें नांव ‘स्लॅम डंक’. उंच उडी घेऊन चेंडू वरूनच कड्यांत आपटण्यास बास्केटबॉलच्या परिभाषेंत हें नांव आहे. मूळ कथा ताकेहिको इनोऊए ह्या चित्रकारानें लिहिली व चितारली. १९६७ सालीं जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमा प्रांतांत जन्मलेला हा गृहस्थ शाळेंत असतांना स्वतः हा खेळ खेळत असे. त्याची चित्रकथा १९९० पासून १९९६ पर्यंत ‘शोनेन जंप’ ह्या साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुस्तकरूपानें तिचे ३१ भाग झाले. तीवरून ‘तोएई’ ह्या चित्रसंस्थेनें रचलेली १०१ भागांची चलच्चित्रमाला १९९३ च्या ऑक्टोबरपासून १९९६ च्या मार्चपर्यंत जपानी दूरदर्शनवर दाखविण्यांत आली. त्या वेळीं जन्मलेलीं मुलें आज स्वतः आईबाप झालीं आहेत, तरी मालिका अद्याप पाहिली जाते.

बास्केटबॉल हा आपल्यासारख्या शाळांच्या पटांगणांतला जुना सोबती आहे, म्हणून त्याच्या जन्माविषयीं दोन शब्द लिहितों. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयांत, जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकानें हिवाळ्यामुळें आंत कोंडून पडलेल्या अठरा दांडग्या विद्यार्थ्यांसाठीं तो शोधून काढिला. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास त्यानें सप्ताळूंच्या दोन टोपल्या ठोकविल्या. तो कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजही कडें दहा फुटांवर असतें! त्या अठरांमध्यें इशिकावा नांवाचा एक जपानी विद्यार्थी होता. जपानचा ह्या खेळाशीं संबंध असा अगदीं मुळापासूनचा आहे. पुढें त्याच संस्थेनें तो जपानांत नेला आणि आपल्या देशांतही आणिला. मद्रासेस १९२० सालीं निघालेल्या तिच्या व्यायाम-विद्यालयांत शिकलेल्या शिक्षकांचा त्याच्या प्रसारास मोठा हातभार लागला.

आतां कथेकडे वळूं. कानागावा प्रांतांतील शोहोकू नांवाच्या एका कल्पित हायस्कुलांत हानामिची साकुरागी हा तांबड्या केसांचा, सहा फुटांहून उंच आणि मारामारींत तरबेज असा मुलगा दाखल होतो. आधींच्या शाळेंत पन्नास मुलींनीं त्यास नकार दिलेला आहे, आणि पन्नासावीचें मन एका बास्केटबॉलपटूवर बसलेलें असल्यामुळें त्या खेळाचें नांव काढलें तरी ह्याचें माथें भडकतें. अशा मुलास हारुको नांवाची एक मुलगी विचारते कीं, तुला बास्केटबॉल आवडतो काय? तो तत्काळ होय म्हणतो. म्हणजे सगळ्या कथेचा पाया एका लबाडीवर घातलेला आहे. मुलीवर छाप पाडावी एवढ्याच हेतूनें तो संघांत शिरतो.

येथून पुढें जें घडतें तें प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहण्यासारखें आहे. साकुरागीस पहिल्याच दिवशीं डंक मारून दाखवावयाचा असतो. पण संघनायक अकागी त्यास मैदानाच्या एका कोपऱ्यांत उभें करून नुसता चेंडू जमिनीवर आपटीत राहण्यास सांगतो. मुळाक्षरें गिरविण्याचाच हा प्रकार. पोराचें डोकें फिरतें, तो संघ सोडून जातो, आणि पुनः आपणहून परत येतो. मग धांवत जाऊन कड्याखालून हळूच चेंडू टाकावयाचा साधा प्रकार तो शिकतो. ह्या प्रकारास तो स्वतः ‘सामान्य जनांचा फटका’ असें तुच्छतेनें म्हणतो, आणि तोच त्यास जमतां जमत नाहीं! त्यानंतर फळीवर आपटून परत येणारा चेंडू इतरांआधीं उडी मारून पकडण्याची विद्या. आणि चित्रकथेच्या उत्तरार्धांत, संघाचे सोबती सरावास बाहेरगांवीं गेले असतां, मागें राहून वीस हजार वेळां एकच फटका मारण्याचें व्रत. गणिताच्या तासाला हा आंकडा मीं मुलांपुढें ठेविला. मिनिटास चार फटके धरले तर पांच हजार मिनिटें, म्हणजे ८३ तास २० मिनिटें होतात. रोज आठ तास घालविले तरी दहा दिवस पुरत नाहींत. वर्ग क्षणभर चिडीचूप झाला.

पुष्कळ क्रीडाकथांत नायक जन्मतःच दैवी गुणांचा असतो, आणि आपण बापडे नुसतें पाहात राहतों. येथें नायक नवशिका आहे. खेळाचे नियम त्यास ठाऊक नाहींत, म्हणून बघ्यासही तो त्याच्याबरोबर शिकतो. पांच चुका झाल्या कीं खेळाडूस मैदान सोडावें लागतें, हा नियम मला कोणत्याही पुस्तकानें शिकविला नाहीं. आरंभींच्या सामन्यांतून साकुरागीची वारंवार जी हकालपट्टी होते तिनें शिकविला. फटका मारण्याचें तंत्रही असेंच शिकावयास मिळतें: जोर उजव्या हातानें द्यावयाचा, आणि डाव्या हातानें चेंडूस केवळ आधार द्यावयाचा. चेंडूचा व्यास सुमारें २४ सेंटिमीटर व कड्याचा ४५, तेव्हां चुकीला जागा किती थोडी आहे हें ध्यानांत येतें.

परंतु त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग साकुरागीचा नव्हे, तो हिसाशी मित्सुई ह्याचा, असें माझें अनुमान आहे. मित्सुई हा आधींच्या शाळेंत आपल्या प्रांतांतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला. हरत आलेल्या एका सामन्यांत, आशा सोडूं नकोस, असें एका वृद्ध पाहुण्यानें त्यास सांगितलें होतें. ते पाहुणे म्हणजे शोहोकूचे शिक्षक आन्झाई. केवळ त्यांच्यासाठीं मोठमोठ्या शाळांचीं बोलावणीं बाजूस सारून हा मुलगा शोहोकूंत आला, आणि पहिल्याच वर्षीं त्याचा गुडघा दुखावला. बरा होण्याआधींच तो घाईनें मैदानांत उतरला, गुडघा पुनः गेला, आणि मन जें विटलें तें खेळावरूनच विटलें. दोन वर्षें तो गुंडांच्या टोळींत हिंडला. शेवटीं तर ज्या संघांत आपणास जागा उरली नाहीं तो संघच मोडावा म्हणून टोळीसह व्यायामशाळेंत शिरून त्यानें दंगा मांडिला. रक्त सांडलें. इतक्यांत दार उघडून आन्झाई आंत आले. ते रागें भरले नाहींत, कीं उपदेशही केला नाहीं. मित्सुईचे गुडघे आपोआप टेकले, आणि मला खेळावयाचें आहे, एवढेंच तो रडत रडत म्हणाला.

दुसऱ्या एखाद्या लेखकानें येथें पडदा पाडला असता. इनोऊए तसें करीत नाहीं, आणि येथेंच त्याची थोरवी आहे. मित्सुई परत आला, त्याचा नेम पूर्वींइतकाच अचूक राहिला. पण दोन वर्षांत गेलेला दम परत आला नाहीं. र्‍योनान शाळेशीं झालेल्या निर्णायक सामन्यांत तो मैदानांतच कोसळतो. बाहेर नेल्यावर पेयाचा एक डबा हातीं घेतो, आणि बोटांत त्राण नसल्यामुळें त्याच्यानें तो उघडत नाहीं. आपण तीं वर्षें कां वायां घालविलीं, असें म्हणत तो तेथेंच रडतो. क्षमा मिळाली, पण गेलेला काळ मिळाला नाहीं. हा भेद एवढ्या साध्या वस्तूवरून इतका स्पष्ट दाखविलेला मीं अन्यत्र पाहिलेला नाहीं. मींही चौदाव्या वर्षीं एका पराभवानंतर रुसून शाळेचा संघ सोडिला होता. परत ये म्हणून बोलावणें आलें तें मींच धुडकाविलें, म्हणून तो डबा पाहतांना माझ्याच्यानें खुर्चींत स्वस्थ बसवेना.

आन्झाई हे आज गोल पोटाचे, शांत, हंसतमुख वृद्ध दिसतात. पण पूर्वीं ते अतिशय कठोर शिक्षक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांचा एक गुणी शिष्य याझावा, मूलभूत सरावाचा कंटाळा येऊन, पाया कच्चा असतांच अमेरिकेस निघून गेला, तेथें मागें पडला आणि कांहीं वर्षांनीं मोटार-अपघातांत मरण पावला. ती जखम गुरूच्या मनांत राहिली. हा भाग काल्पनिक खरा. परंतु २००६ सालीं इनोऊएनें ‘स्लॅम डंक’च्याच नांवानें एक शिष्यवृत्ति सुरू केली, आणि तीमुळें निवडक जपानी विद्यार्थ्यांस अमेरिकेंतील शाळेंत राहून शिकण्याची व खेळण्याची सोय झाली. कल्पित शिष्यास जो आधार मिळाला नाहीं तो लेखकानें खऱ्या मुलांसाठीं उभा केला, असें वाटल्यावांचून राहात नाहीं.

पराभवाचें चित्रणही येथें खरें आहे. काइनान ह्या बलाढ्य शाळेशीं सामना अवघ्या दोन गुणांनीं, ९० विरुद्ध ८८, असा जातो; आणि शेवटच्या क्षणीं आपल्या नायकाकडे म्हणून चेंडू फेंकतांना तो प्रतिपक्षाच्या हातांत देण्याची चूक साकुरागीच करितो. दुसऱ्या दिवशीं तो डोक्याचा गोटा करून येतो. त्याचें तांबडें टाळकें पाहून सोबती पोट धरून हंसतात, पण त्याचें दुःख कोणी नाकारीत नाहीं. ह्याउलट, प्रतिपक्षाचे खेळाडू मालिकेंत दुष्ट म्हणून रंगविलेले नाहींत. त्यांनाही आईबाप आहेत, शेवटचें वर्ष आहे, जिंकण्याचें तितकेंच कारण आहे.

दोष नाहींत असें नव्हे. पहिल्या भागांत मारामारी फार. लहान भावंडांसह पाहणाऱ्यांनीं हें जाणून असावें. मुलींच्या वांट्यास बहुतेक जयघोष करण्याचेंच काम आलें आहे, आणि आपल्या शाळेंतील बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींस हें खटकल्यास नवल नाहीं. शिवाय गति इतकी मंद कीं, चाळीस मिनिटांचा सामना कित्येक भाग चालतो. चेंडू हातांतून सुटला कीं कड्यापाशीं पोंचेपर्यंत चौघांचें मनोगत ऐकावें लागतें. पण हा प्रकार आपणांस अपरिचित आहे काय? धनुष्याला बाण लावून कीर्तनकार मध्येंच उपकथा सांगूं लागतो, आणि सभा उठून जात नाहीं.

मालिका मूळ कथेच्या शेवटापर्यंत जातच नाहीं. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर ती थांबते. त्यापुढचा सान्नो शाळेशीं झालेला सामना चित्रकथेंतच वाचावा लागतो. त्यांतील अखेरचे क्षण बहुतेक शब्दांवांचून, नुसत्या चित्रांनीं सांगितले आहेत. शोहोकू ७९ विरुद्ध ७८ असा जिंकते. तो शेवटचा फटका त्या वीस हजारांतलाच साधा फटका असतो, डंक नव्हे. त्याच सामन्यांत पाठ दुखावलेला साकुरागी हारुकोच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुनः देतो, आणि ह्या वेळीं तें खरें असतें. पुढच्याच फेरींत शोहोकूचा सपशेल पराभव होतो, आणि तो लेखकानें एका वाक्यांत उरकला आहे. २०२२ च्या डिसेंबरांत इनोऊएनें स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांत हाच सामना घेतला, पण नायकाची जागा संघांतील १६८ सेंटिमीटर उंचीच्या र्‍योता मियागीस दिली. ओकिनावा बेटांतला हा मुलगा, त्याचा समुद्रांत गमावलेला वडील भाऊ आणि पुत्रशोक गिळून बसलेली आई, हा भाग पालकांनीं मुलांसमवेत अवश्य पाहावा.

जातां जातां एक गोष्ट. २००४ सालीं ह्या पुस्तकांच्या दहा कोटींहून अधिक प्रती छापून झाल्या, तेव्हां वाचकांचे आभार मानण्यासाठीं इनोऊए कानागावा प्रांतांतील मिसाकी येथल्या एका बंद पडलेल्या हायस्कुलांत गेला. तेथील वर्गांतल्या तेवीस फळ्यांवर त्यानें, शेवटच्या सामन्यानंतर दहा दिवसांनीं कोण काय करीत आहे, ह्याचीं चित्रें काढिलीं. ३ ते ५ डिसेंबर असे तीन दिवस लोक एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जात तीं वाचीत होते. सारीं चित्रें खडूचीं होतीं. आणि फळ्यावरचा खडू किती दिवस टिकतो, हें शाळेंत जाणाऱ्यांस सांगावयास नको.