नांदेड की हैदराबाद?

हिंगोली जिल्ह्यातून उच्च शिक्षणाच्या दोन वाटा निघतात. एक नांदेडला जाते, दुसरी हैदराबादला.

पूर्वी हैदराबाद परके नव्हते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. तेथील उस्मानिया विद्यापीठात १९४८ पर्यंत उर्दूतून शिकवीत. पुढे राज्ये बदलली. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ झाले. १९९८ साली हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले.

मग कोठे जावे? नांदेड जवळ आहे. खर्च कमी होतो, ईदला घरी येता येते. मराठी पक्की होते. ती येथील नोकरीत उपयोगी पडते. हैदराबादला उर्दूतून शिकता येते, नवे जग दिसते. पण वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर खर्च वाढतो.

मित्र जातो म्हणून जाऊ नका. आधी विषय ठरवा. मग फी, वसतिगृह व शिष्यवृत्तीचे नियम कागदावर लिहा आणि अम्मी-अब्बांपुढे ठेवा. मुलींनो, 'दूर आहे' म्हणून शिक्षण सोडू नका. नांदेड विद्यापीठाची महाविद्यालये हिंगोलीत आणि वसमतलाही आहेत.

वाट कोणतीही निवडा. ती अर्ध्यावर सोडू नका.