रविवारचा वर्ग

जावळी तालुक्यातल्या मेढ्यात मोठ्या माणसांना शिकवताना आणि कधीमधी त्यांच्यासोबत सिनेमा पाहताना जे उमगलं, ते असं.

१. शिकायची हौस दांडगी असते, वेळ मात्र स्वतःचा नसतो. जावळीतल्या कितीतरी घरांतले पुरुष मुंबईत माथाडी. गुरं, शेत, म्हातारी माणसं सगळं बाईच्या गळ्यात. वर्गातल्या एक ताई पेन धरलं की बोटं आखडतात म्हणून दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने रोज एक पान लिहितात. परीक्षेच्या तारखा लावणाऱ्यांनी एकदा भातलावणी कधी असते तेही विचारावं.

२. परका सिनेमाही आपल्या ओसरीवर येऊन बसतो. 'एज्युकेटिंग रिटा' (१९८३) मध्ये केस कापणारी एक तरुणी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात शिकू लागते. नवरा तिची पुस्तकं जाळतो, तेव्हा वर्ग गप्प झाला. मला वाटलं, बोलणं त्यावरच होईल. झालं भलत्याच प्रसंगावर. प्राध्यापकाच्या घरी जेवायचं आमंत्रण असूनही ती खिडकीतून आतली माणसं बघते आणि माघारी फिरते. "बोलावलं होतं की तिला, पण दारात कुणी उभं नव्हतं," ताई म्हणाल्या. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. प्रवेश अर्ज म्हणजे नुसतं आमंत्रण. कॉलेजच्या फाटकाशी बिचकणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईला आत नेणारं माणूस विद्यापीठानेच नेमायला हवं.

३. आकड्यांनी कुणी शहाणं होत नाही. रमेश इंगळे उत्रादकरांच्या कादंबरीवरचा 'निशाणी डावा अंगठा' पाहताना साक्षरता मोहीम कागदावर कशी उरकते ते दिसतं. वाईट वाटतं, कारण गावातल्या प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम १९५९ मध्ये आपल्याच सातारा जिल्ह्यात सुरू झाली होती.

४. शिक्षण लोकांच्या दारापर्यंत नेण्याची वाट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ती गरिबाच्या पोरांना शिकता यावं म्हणून. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकला आहे. नोकरी, संसार सांभाळून शिकणाऱ्यांना त्याने मोठा आधार दिला. शिवाजी विद्यापीठ तर १९६२ पासून कोल्हापुरात आहे. पण विस्तारकार्य म्हणजे वार्षिक अहवालातलं एक पान नव्हे. प्राध्यापकांनी तालुक्याला यावं, वर्ग एसटीच्या वेळा बघून ठेवावेत आणि या कामाचे तास त्यांच्या कामकाजात धरले जावेत. विद्यापीठांनी एवढं येत्या सत्रापासूनच करावं.