मोबाइलची साक्ष

आज बहुतेक गुन्ह्यांच्या तपासात पोलीस आधी मोबाइल शोधतात. पण हा साक्षीदार काय सांगू शकतो आणि काय नाही, हे एका खटल्यातून समजून घेऊ.

१३ डिसेंबर २००१ रोजी पाच दहशतवाद्यांनी संसदेवर हल्ला केला. पाचही जण मारले गेले. त्यांच्याजवळ मोबाइल सापडले. कॉलच्या नोंदी तपासल्यावर, हल्ल्याच्या अगदी आधीपर्यंत ते अफझल गुरूच्या संपर्कात होते असे दिसले. याला इतर पुराव्यांची जोड मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याची शिक्षा कायम केली.

त्याच खटल्यात दिल्लीतील एका प्राध्यापकावरही आरोप होता. आरोपींशी त्याचे फोनवर बोलणे झाल्याचे नोंदींत होते. तरीही तो निर्दोष सुटला. संपर्क होता म्हणजे कटात सहभाग होता, असे होत नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा ठरत नाही.

नोंदीत काय असते? कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला, फोन कोणत्या टॉवरला जोडलेला होता आणि हँडसेटचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक. सिम बदलले तरी हा क्रमांक तोच राहतो. मात्र संभाषण या नोंदीत नसते. टॉवरवरून परिसर कळतो, नेमकी जागा नव्हे. मोकळ्या भागात एका टॉवरची कक्षा काही किलोमीटर असते. शिवाय फोन कोणाच्या हातात होता, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

कायदा काय म्हणतो? संगणकातून काढलेल्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. २००५ च्या निकालात त्याविना नोंदी स्वीकारल्या गेल्या होत्या; २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका बदलली. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात २०२० मध्ये तोच नियम पुन्हा पक्का झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तो आहे. प्रमाणपत्रात हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा: एक अक्षर बदलले तरी तो बदलतो.

म्हणूनच जप्त केलेला फोन चाळत बसायचे नसते. त्याचे नेटवर्क तोडायचे, तो सीलबंद करायचा आणि कोणी, केव्हा, कोणाकडे दिला याची लेखी नोंद ठेवायची. शस्त्रागारातून रायफल घेताना आणि परत करताना आपण सही करतो, त्यामागेही हाच विचार आहे. मधली एक सही राहिली, तर बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो. त्यातून दोषी सुटू शकतो. आणि नोंदीचा अर्थ ताणला, तर निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

विचार करा:
१. तुमचा फोन मित्राने वापरला, तर कॉलची नोंद काय दाखवेल आणि काय दाखवणार नाही?
२. हॅश मूल्य जुळले नाही, तर न्यायालयाला कोणती शंका येईल?